जस्ताचा तुकडा आणि सर हंफ्री डेव्ही

गेल्या गणपतीत माझे मामा घरी आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत आम्हा भावंडांसाठी आणलेल्या खाऊबरोबर चिंधीत गुंडाळलेला धातूचा एक विचित्र तुकडा होता. लांबी बोटाएवढी. एका टोकाला आटे पाडलेले पितळी बूच आणि दुसरे टोक उंदराने कुरतडलेल्या खडूसारखे. मामा गोव्यात बोटी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात कामाला आहेत. हा तुकडा त्यांनी एका शिडाच्या बोटीच्या वातानुकूलन यंत्रातून काढला होता. शिडाच्या बोटीत एसी कशाला, म्हणून मी हसलो. पण अशा बोटीच्या पोटात उन्हाळ्यात कसे उकडते ते आत वाकून काम करणाऱ्यालाच कळते, असे मामांचे म्हणणे पडले.

मग त्यांनी मला ते यंत्र समजावून सांगितले. घरच्या एसीचा एक डबा भिंतीबाहेर असतो. तो आतली उष्णता पंख्याने बाहेरच्या हवेत फेकतो. बोटीच्या पोटात तशी सोय करता येत नाही, म्हणून तळाच्या भोकातून पंपाने समुद्राचे पाणी आत ओढतात, गाळणीतून गाळतात आणि तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूच्या वेटोळ्या नळीतून फिरवतात. यंत्रातल्या वायूची उष्णता ते पाणी घेते आणि पुन्हा समुद्रात जाते. युक्ती नामी आहे, पण खारे पाणी रात्रंदिवस धातूंवरून वाहू लागले की ते धातूंना खाऊ लागते, आणि निरनिराळे धातू एकमेकांना चिकटलेले असले की अधिकच. नळीला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले तरी वायू निघून जातो, खारे पाणी आत शिरते आणि सगळे यंत्र भंगारात काढावे लागते. म्हणून ज्या यंत्रात सोय असते तिथे पाण्याच्या वाटेवर जस्ताची अशी कांडी बसवतात. समुद्र आधी जस्त खातो आणि तोवर तांबे शाबूत राहते. कांडी निम्मी झिजली की ती बदलायची, एवढे पथ्य पाळावे लागते.

ही कल्पना प्रथम कोणाला सुचली, हे मामांना माहीत नव्हते. कॉलेजच्या ग्रंथालयात शोध घेता जे नाव सापडले ते शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात मी वाचलेले होते: सर हंफ्री डेव्ही, खाणकामगारांच्या सुरक्षा दिव्याचा जनक. पण दिव्याच्या धड्यात या जस्ताविषयी एक अक्षरही नव्हते. का नव्हते, ते त्याचे चरित्र वाचल्यावर समजले. मी कलाशाखेचा विद्यार्थी, तेव्हा शास्त्रात काही चूक झाली असल्यास प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तीन बाजूंनी समुद्र आणि जमिनीखाली तांब्या-कथिलाच्या खाणी. तिथल्या पेन्झान्स गावी १७ डिसेंबर १७७८ रोजी हंफ्रीचा जन्म झाला. वडील रॉबर्ट लाकडावर कोरीवकाम करीत. १७९४ मध्ये कर्जे मागे ठेवून ते वारले. पाच भावंडांत हंफ्री थोरला. आईने बायकांच्या टोप्यांचे दुकान घालून घर चालवले आणि मुलाला गावातल्या बोर्लेस नावाच्या वैद्याकडे औषधे कुटायला ठेवले. विद्यापीठाची पायरी डेव्ही विद्यार्थी म्हणून कधीच चढला नाही. जे रसायनशास्त्र तो शिकला ते पुस्तकांतून आणि वैद्याच्या बाटल्यांतून.

त्या दिवसांतली एक गोष्ट चरित्रकार सांगतात. जवळच्या हेल बंदरात पाणी अडवायचे दरवाजे होते, आणि त्यांत जिथे लोखंडाला तांबे टेकलेले होते तिथे लोखंड झपाट्याने कुजत होते. रॉबर्ट डंकिन नावाच्या हुन्नरी गावकऱ्याने ही गोष्ट पोराच्या नजरेस आणून दिली. एक धातू दुसऱ्याच्या संगतीत का सडतो, याचे उत्तर तेव्हा कोणापाशीच नव्हते. व्होल्टाने आपली विद्युतघट-माळ जगाला दाखवली ती १८०० साली.

वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत, १७९८ मध्ये, डेव्ही ब्रिस्टलला डॉ. बेडोझ यांच्या वायुचिकित्सा संस्थेत दाखल झाला. वायू हुंगवून रोग बरे करता येतात का, हे तिथे पाहिले जात असे. डेव्हीने एकेक वायू स्वतःवरच प्रयोग करून पाहिला आणि त्या भरात एकदा जिवावरही बेतले. नायट्रस ऑक्साइड हुंगले की माणूस हसतो आणि वेदना विसरतो, हे त्याने १८०० च्या आपल्या ग्रंथात नोंदवले. शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग होऊ शकेल, हेही लिहिले. वैद्यांनी त्याकडे चाळीसेक वर्षे लक्ष दिले नाही. तेवढ्या वर्षांत किती जणांचे हातपाय शुद्धीवर असताना कापले गेले असतील, हा विचार मनातून जात नाही.

१८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला आणि पुढच्याच वर्षी प्राध्यापक झाला. त्याची व्याख्याने ऐकायला उमराव, बायका, कवी अशी सगळ्यांची झुंबड उडे. अल्बेमार्ल स्ट्रीटवर घोडागाड्यांची इतकी दाटी होई की लंडनमधला पहिला एकेरी मार्ग तोच ठरला, असे म्हणतात. दिसायला देखणा, बोलण्यात वाक्‌पटू, त्यातून प्रयोगात धूर आणि ज्वाळा! आपल्याकडे कीर्तनाला गर्दी होते तशी तिथे रसायनशास्त्राला होत होती.

पण त्याची खरी तपश्चर्या तळघरातल्या प्रयोगशाळेत चालली होती. वीज आणि रासायनिक आकर्षण यांचे नाते आहे, हे त्याने १८०६ मध्ये मांडले. त्या निबंधाबद्दल इंग्लंडशी युद्ध चालू असतानाही फ्रान्सच्या विद्वत्संस्थेने त्याला बक्षीस दिले. ऑक्टोबर १८०७ मध्ये त्याने किंचित ओलसर पोटॅशमधून वीज सोडली आणि पाऱ्यासारखे चकाकणारे थेंब बाहेर पडून पेट घेऊ लागले. पोटॅशियम माणसाला प्रथमच दिसत होते. आनंदाने तो प्रयोगशाळेत नाचत सुटला, असे त्याच्या सहकाऱ्याने लिहून ठेवले आहे. काही दिवसांत सोडियम आणि पुढच्या वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, मॅग्नेशियम. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, हे त्याने १८१० मध्ये दाखवले. एका माणसाच्या हातून एवढे व्हावे याचा अचंबा वाटतो.

एप्रिल १८१२ मध्ये तो सर झाला आणि तीनच दिवसांनी जेन अप्रीस या धनवान विधवेशी त्याचे लग्न झाले. त्याच वर्षी त्याच्या व्याख्यानांना एका लोहाराचा मुलगा येऊन बसत होता. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणारा हा मुलगा म्हणजे मायकेल फॅरडे. त्याने व्याख्यानांची टिपणे सुबक लिहून, बांधून डेव्हीकडे पाठवली. मार्च १८१३ मध्ये डेव्हीने त्याला मदतनीस म्हणून घेतले. ऑक्टोबरात दोघे युरोपच्या प्रवासाला निघाले. फ्रान्सशी युद्ध चालूच होते, तरी नेपोलियनच्या सरकारने परवाना दिला. पॅरिसला डेव्हीने आयोडीन हे मूलद्रव्य असल्याचे ओळखले, तर फ्लॉरेन्सला मोठ्या भिंगाखाली हिरा जाळून तो निव्वळ कार्बन असल्याचे सिद्ध केले. या प्रवासात फॅरडेला शास्त्राबरोबर नोकराचीही कामे करावी लागली, आणि लेडी डेव्ही त्याला नोकरासारखेच वागवीत.

१८१५ मध्ये परत आल्यावर सुरक्षा दिवा झाला. त्याआधी तीन वर्षे फेलिंगच्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ९२ माणसे व मुले मेली होती. ज्योतीभोवती तारेची बारीक जाळी गुंडाळली की जाळी उष्णता शोषते आणि बाहेरचा वायू पेटत नाही, हे डेव्हीने शोधले. त्याचा हक्क त्याने विकत दिला नाही, पेटंटही घेतले नाही. हा भाग आपण सर्वांनी शाळेत वाचला आहे, म्हणून लांबवत नाही.

१८२० मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. कोरीवकाम करणाऱ्याचा मुलगा न्यूटनच्या खुर्चीवर बसला. आणि इथून पुढे समुद्राचे प्रकरण सुरू होते.

त्या काळच्या लाकडी जहाजांना दोन शत्रू होते. एक, लाकूड पोखरणारी समुद्रातली अळी आणि दुसरा, तळाला चिकटणारे शेवाळ व शंखशिंपले, ज्यांच्या ओझ्याने जहाज सुस्त होते. यावर उपाय म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा मारून पाहिला. अळीचा बंदोबस्त झाला, पण काही काळाने तळ तपासला तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे पार कुजले होते. ज्या खिळ्यांच्या आणि पत्र्याच्या मध्ये पत्र्याच्या वेष्टनाचा तपकिरी कागद चुकून राहून गेला होता, ते मात्र धड होते. हेल बंदरच्या दरवाजांचीच ही गोष्ट! पुढे खिळेही तांब्याच्या मिश्रधातूचे आले आणि सगळ्या नौदलाला तांब्याचा पत्रा चढला. आता पत्राच झिजू लागला. तांबे महाग, जहाजे शेकडो. १८२३ मध्ये नौदलाच्या मंडळाने रॉयल सोसायटीला सल्ला विचारला.

डेव्हीने काम स्वतःकडे घेतले. तांब्यात भेसळ असते म्हणून ते झिजते, असा समज होता. शुद्ध तांबेही खाऱ्या पाण्यात झिजतेच, असे त्याला आढळले. मग त्याने आपल्या १८०६ च्या सिद्धांताकडे मोर्चा वळवला. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांचा एक विद्युतघटच होतो. त्यांतला जो अधिक सहज विरघळणारा, तो विरघळतो आणि दुसऱ्याला वाचवतो. तांब्यापुढे लोखंड असा बळी जाते आणि जस्त त्याहून सहज जाते. ‘अलार्म’वरचे खिळे तांब्याचे रक्षण करता करता मेले होते, फक्त कोणाला तसे दिसले नव्हते. डेव्हीने अपघाताचे औषध केले. वाटाण्याएवढे जस्त किंवा बारीक लोखंडी खिळ्याचे टोक चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याला पुरते, असे त्याच्या प्रयोगांत दिसले. २२ जानेवारी १८२४ रोजी रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला.

चॅटहॅम आणि पोर्ट्‌समथच्या गोद्यांत प्रयोग सुरू झाले. रक्षक धातूचे क्षेत्र तांब्याच्या एकचाळिसांशापासून एकशेपन्नासांशापर्यंत असेल तर तांबे मुळीच झिजत नाही आणि दोनशे ते चारशे भागांत एक भाग असेल तर थोडे थोडे झिजते, हे प्रमाण ठरले. चालत्या जहाजावर हे टिकते का ते पाहण्यासाठी डेव्ही त्याच उन्हाळ्यात ‘कॉमेट’ या आगबोटीतून उत्तर समुद्रात नॉर्वेच्या बाजूला जाऊन आला.

‘समरंग’ नावाची २८ तोफांची युद्धनौका या कामी निवडली गेली, ती आपल्या कोचीनच्या गोदीत सागवानात बांधलेली होती आणि तिचा तांब्याचा पत्राही हिंदुस्थानातच मारलेला होता. १८२४ मध्ये तिला ओतीव लोखंडाचे रक्षक बसवले. तांब्याच्या क्षेत्राच्या सुमारे १.२ टक्के. नोव्हास्कोशियाला जाऊन ती जानेवारी १८२५ मध्ये परत आली, तेव्हा पत्रा जवळजवळ जसाच्या तसा होता. ‘कार्नब्री कॅसल’ हे ६५० टनी मालवाहू जहाज कलकत्त्याची फेरी करून चकचकीत तांबे घेऊन आले. अर्ल डार्न्लीच्या ‘एलिझाबेथ’ या शिडाच्या विहारनौकेवरही हाच प्रयोग झाला. तेव्हा आमच्या मामांच्या कांडीची पणजी शोधायची तर ती याच बोटीवर सापडेल.

याच सुमारास डेव्हीच्या हातून जे घडले ते लिहिताना हात अडखळतो. फॅरडे आता पोरगेला मदतनीस राहिला नव्हता. विजेने चुंबकाभोवती तार फिरवण्याचा प्रयोग त्याने १८२१ मध्ये केला होता. तांब्याच्या प्रयोगांतही त्याची मदत होती. मित्रांनी रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्याचे नाव सुचवले, तेव्हा अध्यक्ष डेव्हीने ते मागे घ्यायला सांगितले. ८ जानेवारी १८२४ रोजी, म्हणजे तांब्याचा निबंध वाचला जाण्याच्या दोन आठवडे आधी, फॅरडे निवडून आला. विरोधात एकच मत पडले. मतदान गुप्त होते, पण ते मत कोणाचे याविषयी फारशी शंका कोणी घेत नाही.

माझ्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. डेव्हीची सुरुवातीची पाने वाचताना मला तो आपलाच वाटू लागला होता, म्हणून हे पान अधिक लागले. ज्या जिन्याने आपण चढलो त्यावरून मागून येणाऱ्याचा हात डेव्हीने धरला होता, तोच पुढे त्याने सोडला. काही चरित्रकार म्हणतात की फॅरडेने दुसऱ्याच्या कल्पनेचे श्रेय घेतले असा डेव्हीचा गैरसमज होता. असेलही. पण इतकी वर्षे एका टेबलावर काम केलेल्या माणसाला बोलावून विचारता आले असते. फॅरडे मात्र आयुष्यभर डेव्हीविषयी आदरानेच बोलला.

त्यानंतर समुद्राने आपला डाव टाकला. रक्षक लावलेली जहाजे परत येऊ लागली. तांबे शाबूत होते, पण त्यावर शेवाळाचे गालिचे आणि शिंपल्यांचे थर बसलेले. कारण असे निघाले की तांबे पाण्यात थोडे थोडे विरघळते तेच विष होऊन जीवजंतूंना दूर ठेवते. डेव्हीने विरघळणे थांबवले, त्याबरोबर विषही थांबले. शिवाय रक्षण जास्त झाले की तांब्यावर पाण्यातल्या चुन्याचे आणि मॅग्नेशियाचे पांढरे पुट चढते आणि त्यावर शेवाळ आनंदाने धरते. उपाय फसला म्हणावे तर पत्रा एक गुंजही झिजला नव्हता. यशस्वी झाला म्हणावे तर जहाज हलत नव्हते.

डेव्हीला यातला मध्य ठाऊक होता. रक्षक लहान ठेवावा, तांबे थोडे झिजू द्यावे, म्हणजे दोन्ही साधेल, असे त्याचे म्हणणे होते. पण नौदलापाशी तेवढा धीर नव्हता. १८२५ मध्येच समुद्रावर जाणाऱ्या जहाजांचे रक्षक काढून टाकण्याचा हुकूम सुटला. बंदरात उभ्या जहाजांवर ते आणखी काही वर्षे राहिले. टीका झाली, टिंगलही झाली. ज्याला सगळे लंडन डोक्यावर घेत होते त्याला हे सोसले नाही. मला वाटते, त्याच्याही हातून एक चूक झाली. काचेच्या भांड्यात आणि काही महिन्यांच्या फेऱ्यांत जे खरे ठरले त्यावर त्याने फार लवकर छाती ठोकली. समुद्रात नुसते मीठ नसते, जीवही असतात.

१८२६ च्या सप्टेंबरात त्याची आई वारली आणि डिसेंबरात त्याला अर्धांगाचा झटका आला. १८२७ मध्ये त्याने अध्यक्षपद सोडले. उरलेले दिवस त्याने युरोपात नद्यांकाठी मासे धरत आणि लिहीत घालवले. मासेमारीवरचे त्याचे ‘साल्मोनिया’ हे पुस्तक १८२८ मध्ये निघाले. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात त्याचा अंत झाला. वय अवघे पन्नास. मूलबाळ नव्हते. त्याला तिथेच पुरले.

पुढे जहाजे लोखंडाची आणि पोलादाची झाली. त्यांना तांब्याचा पत्रा नको होता, पण त्यांचा पंखा पितळेचा आणि अंग लोखंडाचे, तेव्हा हेलच्या दरवाजांचा रोग पुन्हा आला आणि डेव्हीचे औषध कपाटातून बाहेर निघाले. पोलादी जहाजाच्या पंख्याजवळ आणि सुकाणूवर जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वड्या लावतात. जमिनीखालच्या तेलवाहक नळांनाही हीच विद्या लागू पडते. तळावरच्या शेवाळासाठी मात्र तांबे मिसळलेला रंग देतात आणि त्यातले तांबे हळूहळू झिजू देतात, म्हणजे डेव्हीने जे थांबवले होते तेच मुद्दाम घडवून आणतात. एसीच्या नळीत आणि गाळणीत शेवाळ, शिंपले धरतातच, म्हणून ती अधूनमधून धुवावी लागतात आणि बोट बरेच दिवस उभी राहणार असेल तर आत गोडे पाणी फिरवून ठेवावे लागते.

मामांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. जस्ताला कधी रंग द्यायचा नाही. काही हौशी मालक टापटिपीसाठी वड्या रंगवून घेतात, मग समुद्र जस्ताला शिवत नाही आणि सरळ दुसऱ्या धातूवर जातो. आणि बूच घट्ट बसले पाहिजे, आट्यांत कीट किंवा चिकटपट्टी येऊन धातूचा धातूशी संबंध तुटला तर कांडी नवी कोरी राहते आणि नळी सडते. वर्षानंतर काढलेली कांडी चकचकीत निघाली की मालक खूश होतो आणि मामा मात्र घाबरतात. चिंधीत गुंडाळून आणलेली कांडी अर्धी खाल्लेली होती, म्हणूनच ती त्यांनी मला कौतुकाने दाखवायला आणली होती. त्या बोटीचे यंत्र उत्तम चालू होते.